जन्माआधी बनलेली 'पाइपलाइन': डोळ्याची लेन्स पारदर्शक ठेवणारी अ‍ॅक्वापोरिन प्रथिनं काय आहेत?

रात्री वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवरून दहिसरकडे जाताना समोरच्या गाड्यांचे दिवे पसरल्यासारखे दिसतात. चष्म्याचा नंबर सारखा बदलतो. पांढरा शर्ट पिवळट वाटू लागतो. साठीच्या आसपासच्या माणसाने या तक्रारी सांगितल्या की डॉक्टरांचं उत्तर बहुतेक वेळा एका शब्दाचं असतं : मोतीबिंदू.

मोतीबिंदू म्हणजे डोळ्यावर बाहेरून आलेली साय नव्हे. डोळ्याच्या आतली, जन्मापासून असलेली लेन्सच हळूहळू गढूळ होते. मग प्रश्न उलटा विचारायला हवा. ही लेन्स पन्नास-साठ वर्षं पारदर्शक राहते तरी कशी? त्याच्या उत्तराचा एक मोठा भाग पाण्याच्या अतिसूक्ष्म वाटांमध्ये दडलेला आहे. या वाटा म्हणजे अ‍ॅक्वापोरिन नावाची प्रथिनं. त्यातली काही तर तुमच्या जन्माच्या आधी बनलेली असतात आणि आयुष्यात एकदाही बदलली जात नाहीत.

लेन्स म्हणजे नेमकं काय?

बुबुळाच्या मागे, साधारण ९ ते १० मिलिमीटर व्यासाची आणि सुमारे ४ मिलिमीटर जाडीची एक पारदर्शक चकती असते. दोन्ही बाजूंनी फुगीर, मसुरीच्या दाण्यासारखी. तिच्या वजनाचा साधारण दोन तृतीयांश भाग पाणी आणि एक तृतीयांश भाग प्रथिनं. शरीरातल्या फार थोड्या ठिकाणी प्रथिनांची इतकी दाटी असते. क्रिस्टलिन नावाची ही प्रथिनं दाटीवाटीने पण नीट पसरून बसलेली असतात, म्हणून प्रकाश न विखुरता आरपार जातो.

लेन्सच्या पुढच्या पृष्ठभागावर पेशींचा एक पातळ थर असतो. त्याच्या कडेला नव्या पेशी तयार होतात, लांबत जातात आणि आधीच्या पेशींवर थर चढवतात. कांद्याला पाती असतात तसे. या लांबट पेशींना तंतुपेशी म्हणतात.

पारदर्शक होण्यासाठी या तंतुपेशी एक विलक्षण किंमत मोजतात. प्रकाशाच्या वाटेत येईल असं सगळं त्या काढून टाकतात. केंद्रक जातं, ऊर्जा तयार करणारी मायटोकाँड्रिया जातात. रक्तवाहिन्या तर लेन्समध्ये नसतातच. केंद्रक नाही म्हणजे नवं प्रथिन बनवायची सोय नाही. लेन्सच्या गाभ्यातल्या पेशी बाळ आईच्या पोटात असताना बनलेल्या असतात. आजोबा ८० वर्षांचे असतील तर त्यांच्या लेन्सच्या मध्यावरची प्रथिनंही तेवढ्याच वयाची असतात.

पाणी पेशीत शिरतं कसं?

प्रत्येक पेशीभोवती चरबीयुक्त पडदा असतो. तेलातून पाणी सहज जात नाही, तरी या पडद्यातून थोडं पाणी झिरपतं. पण मूत्रपिंड किंवा लाल रक्तपेशींमधून पाणी ज्या वेगाने ये-जा करतं, त्याचा हिशेब नुसत्या झिरपण्याने लागत नव्हता. पाण्यासाठी वेगळी वाट असणार, असा अंदाज शास्त्रज्ञ अनेक दशकं बांधत होते. ती वाट सापडत मात्र नव्हती.

ती सापडली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात, आणि तीही दुसरंच काही शोधताना. पीटर आग्रे आणि त्यांचे सहकारी रक्तगटाशी संबंधित आरएच प्रथिनाचा अभ्यास करत होते. त्यांच्या नमुन्यांत एक अनोळखी प्रथिन सारखं येत होतं. त्याचं काम तपासायला त्यांनी बेडकाची अंडी वापरली. बेडकाची अंडी गोड्या पाण्यात राहूनही फुगत नाहीत. पण या प्रथिनाची 'रेसिपी', म्हणजे आरएनए, अंड्यात टोचून ती अंडी पातळ द्रावणात ठेवली, तेव्हा ती काही मिनिटांत फुगून फुटली. पाण्याची वाट सापडली होती.

हा प्रयोग १९९२ साली प्रसिद्ध झाला आणि २००३ साली आग्रे यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. ते त्यांना रॉडरिक मॅकिनन यांच्यासोबत विभागून मिळालं.

यातली गंमत अशी की लेन्समधलं असंच एक प्रथिन शास्त्रज्ञांच्या हाती आधीच आलेलं होतं. त्याचा जनुकीय क्रम १९८४ मध्येच समजला होता, पण ते काय काम करतं यावर एकमत नव्हतं. आग्रे यांच्या शोधानंतर लक्षात आलं की हे त्याच घराण्यातलं. रक्तपेशीतल्या प्रथिनाला अ‍ॅक्वापोरिन-१ नाव मिळालं, तर लेन्समधल्या या आधीच्या भावंडाला अ‍ॅक्वापोरिन-०. माणसात आज ० ते १२ अशी या घराण्यातली १३ प्रथिनं माहीत आहेत.

रचना : फक्त पाण्यासाठी चेकनाका

अ‍ॅक्वापोरिनचा प्रत्येक रेणू पेशीच्या पडद्यात आरपार बसलेला असतो. त्यात मळसूत्रासारखे पीळ असलेले सहा खांब असतात आणि त्यांच्या मधोमध एक अरुंद बोगदा. शिवाय दोन आखूड खांब वरून आणि खालून आत येऊन बोगद्याच्या मध्यावर समोरासमोर भेटतात. असे चार रेणू एकत्र येऊन एक चौकडी बनते. चौकडीतल्या प्रत्येक रेणूचा बोगदा मात्र स्वतंत्र चालतो.

हा बोगदा निवड कशी करतो हे समजायला दहिसर चेकनाक्याची कल्पना करा. एका लेनवर कमी उंचीची लोखंडी कमान लावली तर कार जाईल, ट्रक अडकेल. अ‍ॅक्वापोरिनमध्येही अशी एक चिंचोळी जागा आहे. अ‍ॅक्वापोरिन-१ मध्ये तिची रुंदी पाण्याच्या एका रेणूपुरतीच, म्हणजे मिलिमीटरच्या सुमारे ३६ लाखाव्या भागाएवढी. पाण्याचे रेणू एकामागे एक, रांगेत जातात. ग्लुकोजसारखे मोठे रेणू बाहेरच राहतात.

पण कमानीखालून बाइक सहज निसटते. पेशीसाठी ही बाइक म्हणजे प्रोटॉन. हायड्रोजनचा हा धनभारित कण अगदी लहान असतो आणि एरवी पाण्याच्या एका रेणूवरून दुसऱ्यावर उड्या मारत पुढे सरकतो. तो मोकळा सुटला तर पेशीचं आम्लतेचं गणितच बिघडेल. म्हणून नाक्यावर दुसरी तपासणी असते. बोगद्याच्या मध्यावर, ते आखूड खांब भेटतात तिथे, पाण्याचा रेणू वळवला जातो आणि रांगेतली साखळी तुटते. तिथला धनभार प्रोटॉनला मागे ढकलतो. पाणी जातं, प्रोटॉन थांबतो.

इतकी कडक तपासणी असूनही वेग अफाट आहे. अ‍ॅक्वापोरिन-१ च्या एका बोगद्यातून सेकंदाला सुमारे ३ अब्ज पाण्याचे रेणू जातात.

लेन्समधली तीन अ‍ॅक्वापोरिन

लेन्समध्ये मुख्यतः तीन प्रकार दिसतात.

अ‍ॅक्वापोरिन-१ : लेन्सच्या पुढच्या पेशीथरात. वेगवान वाट.

अ‍ॅक्वापोरिन-५ : पुढच्या थरात आणि तंतुपेशींतही. ते कधी पेशीच्या आत राखीव असतं, तर कधी गरजेनुसार पडद्यावर येतं. त्यामुळे पाण्याची ये-जा कमी-जास्त करता येते.

अ‍ॅक्वापोरिन-० : तंतुपेशींमध्ये. त्यांच्या पडद्यातल्या प्रथिनांपैकी जवळपास निम्मं हे एकटंच असतं.

आता विरोधाभास बघा. सर्वात जास्त संख्येने असलेलं अ‍ॅक्वापोरिन-० हेच सर्वात संथ आहे. अ‍ॅक्वापोरिन-१ च्या तुलनेत त्याची क्षमता दहापट ते चाळीसपट कमी मोजली गेली आहे. त्याच्या बोगद्यात टायरोसिन या अमिनो आम्लाच्या जागा वाट आणखी अरुंद करतात. शिवाय भोवतालची आम्लता आणि कॅल्शियमचं प्रमाण यानुसार त्याचा वेग बदलतो. मग लेन्सने इतकी संथ वाट का निवडली?

एक प्रथिन, दोन कामं

कारण अ‍ॅक्वापोरिन-० नुसती वाट नाही, ते चिकटवण्याचंही काम करतं. एका तंतुपेशीच्या पडद्यातली चौकडी शेजारच्या पेशीच्या पडद्यातल्या चौकडीला जाऊन भिडते आणि दोन पेशी एकमेकींना घट्ट चिकटून राहतात. मेंढीच्या लेन्समधून घेतलेल्या अ‍ॅक्वापोरिन-० ची ही भिडलेली रचना २००४ साली हार्वर्डच्या संशोधकांनी इलेक्ट्रॉन किरणांच्या मदतीने उलगडून दाखवली.

याचा पारदर्शकतेशी थेट संबंध आहे. दोन पेशींमधली फट प्रकाशाच्या तरंगलांबीच्या मानाने फारच लहान असेल तर प्रकाशाला ती जाणवत नाही. फट रुंदावली, तिथे पाणी साचलं, की प्रकाश तिथे विखुरतो. धुक्यात हेडलाइटचा झोत पसरतो तसा.

ही दोन कामं खरोखर वेगळी आहेत का, हे न्यूयॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रुक विद्यापीठाच्या संशोधकांनी उंदरांवर तपासलं. अ‍ॅक्वापोरिन-० नसलेल्या उंदरांच्या लेन्स गढूळ होतात. अशा उंदरांच्या लेन्समध्ये त्यांनी वेगवान अ‍ॅक्वापोरिन-१ बसवलं. पाण्याची ये-जा सुधारली, मोतीबिंदूही काहीसा कमी झाला, पण पूर्ण गेला नाही. नुसती वाट देऊन भागलं नाही. चिकटवणारं प्रथिनही लागत होतं.

रक्त नाही, मग पोषण कसं?

लेन्सभोवती पाण्यासारखा द्रव असतो. त्यातून बाहेरच्या पेशींना ग्लुकोज मिळतं. पण आतल्या पेशींपर्यंत ते नुसतं झिरपत पोहोचायला फार वेळ लागेल.

संशोधक मांडतात ते चित्र असं आहे. सोडियमचे भारित कण लेन्सच्या पुढून आणि मागून पेशींमधल्या फटींतून आत जातात, पेशींत शिरतात आणि पेशींना जोडणाऱ्या छोट्या दारांतून कडेकडे येतात. कडेच्या पेशींमधले पंप त्यांना पुन्हा बाहेर टाकतात. कणांच्या मागोमाग पाणी जातं. त्या पाण्याबरोबर ग्लुकोज आणि पेशींना गंजण्यापासून वाचवणारे पदार्थ आत पोहोचतात. थोडक्यात, हृदय आणि रक्तवाहिन्या नसूनही लेन्सचं स्वतःचं अभिसरण चालू असतं.

या प्रवाहाचा दाब मोजलाही गेला आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात उंदराच्या लेन्सच्या गाभ्यात सुमारे ३३५ मिलिमीटर पारा इतका दाब आढळला, तर पृष्ठभागावर तो जवळपास शून्य होता. तुलनेसाठी, माणसाचा वरचा रक्तदाब १२० च्या आसपास असतो. म्हणजे शांत दिसणाऱ्या लेन्सच्या पोटात पाण्याचा केवढा जोर असतो, याची कल्पना येईल.

चाळिशीनंतर काय बिघडतं?

घरातली पाइपलाइन जुनी झाली की बदलता येते. लेन्सच्या गाभ्यात ती सोय नाही. वयासोबत अ‍ॅक्वापोरिन-० ची शेपटाकडची टोकं तुटत जातात, रेणूत रासायनिक बदल होतात. मध्यम वयानंतर लेन्सच्या गाभ्याभोवती एक प्रकारचा अडसर तयार होतो आणि बाहेरचे संरक्षक पदार्थ आतपर्यंत पुरेसे पोहोचत नाहीत. गाभ्यातली क्रिस्टलिन प्रथिनं मग एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात. लेन्स आधी पिवळी, नंतर तपकिरी पडते. हा गाभ्याचा मोतीबिंदू.

दुसऱ्या प्रकारात बिघाड बाहेरच्या थरांत होतो. तंतुपेशींच्या मध्ये पाण्याच्या फटी पडतात आणि सायकलच्या चाकाच्या आऱ्यांसारख्या पांढऱ्या रेषा कडेकडून आत येतात. इथे पाण्याचा हिशेब चुकलेला उघड दिसतो.

वय हे सर्वात मोठं कारण असलं तरी एकमेव नाही. मधुमेह, धूम्रपान, डोळ्याला झालेली इजा, अतिनील किरण आणि स्टेरॉइडचा दीर्घकाळ वापर यामुळेही मोतीबिंदू लवकर येतो. डोळे लाल झाले म्हणून मेडिकलमधून डॉक्टरांना न विचारता स्टेरॉइडचे ड्रॉप्स आणून महिनोन्‌महिने घालणं म्हणूनच धोक्याचं आहे.

क्वचित हा बिघाड जन्मतःच असतो. अ‍ॅक्वापोरिन-० चं जनुक १२ व्या गुणसूत्रावर आहे. त्यातल्या एका अक्षराच्या चुकीमुळेही पिढ्यान्‌पिढ्या मोतीबिंदू येऊ शकतो, हे २००० साली दोन कुटुंबांच्या अभ्यासातून दिसलं. दोषी जनुक आई किंवा वडील यांपैकी एकाकडून आलं तरी पुरतं. बाळाच्या बुबुळाच्या मध्यभागी पांढरट ठिपका दिसला तर ते मोठं होण्याची वाट बघू नये. या वयात डोळ्याकडून स्पष्ट चित्र आलं नाही तर मेंदू बघायला शिकतच नाही.

शुगर वाढली की नंबर का बदलतो?

मधुमेह असलेल्या अनेकांचा हा अनुभव आहे. रक्तातली साखर वाढली की लेन्समध्येही जास्त ग्लुकोज जातं. तिथे त्याचं सॉर्बिटॉल बनतं आणि ते सहज बाहेर पडत नाही. मिठाने लोणच्याच्या फोडींना पाणी सुटतं, तसं सॉर्बिटॉल पाण्याला स्वतःकडे ओढतं. लेन्स फुगते, तिचा आकार बदलतो, नंबर बदलतो. साखर आटोक्यात आल्यावर काही आठवड्यांत तो पुन्हा सरकतो.

इथे अ‍ॅक्वापोरिन-५ चं महत्त्व कळतं. ते नसलेल्या उंदरांच्या लेन्स साध्या परिस्थितीत ठीक दिसतात, पण जास्त साखरेच्या संपर्कात आल्या की गढूळ होतात. तेव्हा साखर वर-खाली होत असताना घाईने नवा चष्मा करू नका. आधी साखर स्थिर होऊ द्या.

'मोतीबिंदू पिकू द्या' हा सल्ला अजून खरा आहे का?

महाराष्ट्रात घरोघरी हे वाक्य ऐकू येतं. एकेकाळी त्याला कारण होतं. पूर्वी आख्खी लेन्स काढली जायची आणि पूर्ण पिकलेली लेन्स काढणं सोयीचं असायचं. आता बहुतेक ठिकाणी ३ मिलिमीटरपेक्षा लहान छेदातून ध्वनिलहरींनी लेन्सचे तुकडे करून ती शोषून घेतात आणि जागेवर कृत्रिम लेन्स बसवतात. या पद्धतीला मोतीबिंदू फार कडक नसलेलाच बरा.

पिकणं म्हणजे आत काय होतं, हे पाण्याच्या भाषेत बघितलं तर धोका लगेच कळतो. पेशींचे पडदे निकामी होतात, पाणी आत शिरत राहतं, लेन्स फुगते. फुगलेली लेन्स पुढच्या भागाला रेटते आणि डोळ्यातला द्रव बाहेर जाण्याची वाट बंद करते. डोळ्याचा दाब एकदम चढतो. काही वेळा अति पिकलेल्या लेन्समधली प्रथिनं बाहेर गळून तीच वाट तुंबवतात. दोन्ही प्रकारांत काचबिंदू होतो. मोतीबिंदूमुळे गेलेली नजर ऑपरेशनने परत येते. काचबिंदूने गेलेली परत येत नाही.

म्हणून नियम सोपा आहे. वाचणं, स्वयंपाक, रस्ता ओलांडणं, गाडी चालवणं अशा रोजच्या कामात अडथळा येऊ लागला की ऑपरेशनबद्दल डॉक्टरांशी बोलावं. डोळा एकाएकी लाल होऊन खूप दुखू लागला, सोबत उलटी आणि अंधुक दिसणं असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.

थेंबांनी मोतीबिंदू विरघळतो का?

कांद्याचा रस, मध, 'चमत्कारी ड्रॉप्स' असे फॉरवर्ड व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतात. आजघडीला माणसाचा मोतीबिंदू थेंबांनी बरा होतो, असं सिद्ध झालेलं नाही.

प्रयत्न मात्र झाले आहेत. २०१५ साली लॅनोस्टेरॉल नावाच्या पदार्थाने कुत्र्यांमधला मोतीबिंदू कमी झाल्याचा शोधनिबंध गाजला. त्यानंतरच्या इतर प्रयोगांत तसा परिणाम दिसला नाही. अडचण का येते, हे लेन्सची रचनाच सांगते. औषध रक्तातून तिथे पोहोचत नाही. पोहोचलं तरी तुटलेलं प्रथिन नव्याने बनवायला पेशीत केंद्रक नाही. आणि कांद्याच्या रसाने डोळ्याची जळजळ आणि इजाच होते.

महाराष्ट्रासाठी हे का महत्त्वाचं?

भारताने अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ साली सुरू केला. १९९४ नंतर जागतिक बँकेच्या मदतीने सात राज्यांत मोतीबिंदू शस्त्रक्रियांचा मोठा प्रकल्प झाला, त्यात महाराष्ट्र होता. मुंबईत जे. जे. रुग्णालयाचा नेत्रविभाग आणि तिथले डॉ. तात्याराव लहाने यांचं नाव राज्यभर पोहोचलं ते याच ऑपरेशनमुळे. त्यांना २००८ साली पद्मश्री मिळाली.

तरीही २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या लोकांमधल्या अंधत्वाचं ६६.२ टक्के कारण मोतीबिंदूच आढळलं. ज्यावर अर्ध्या तासाच्या आसपास उपाय होतो, त्यामुळे इतकी माणसं अंधारात राहतात. पैशांची अडचण असेल तर राष्ट्रीय कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयांत हे ऑपरेशन मोफत होतं. सोबत कोण येणार, सुनेची परीक्षा आहे, लग्नसराई संपू दे, अशी कारणं मात्र घरातच असतात आणि त्यात सर्वात आधी आई-आजीचा डोळा मागे पडतो.

ऑपरेशननंतर बसवलेली कृत्रिम लेन्स अ‍ॅक्रिलिकसारख्या पदार्थाची असते. तिला पेशी नाहीत, पाणी नको, अ‍ॅक्वापोरिन नको. म्हणून ती पुन्हा मोतीबिंदू धरत नाही. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा धूसर दिसू लागलं, तर बहुतेकदा लेन्समागची नैसर्गिक पिशवी गढूळ झालेली असते. ती लेझरने काही मिनिटांत साफ करता येते.

नैसर्गिक लेन्सला मात्र अशी दुसरी संधी नसते. तिच्या गाभ्यातली प्रत्येक वाट एकदाच बांधली जाते. ती जास्त काळ टिकवायची तर साखर आटोक्यात ठेवणं, तंबाखू सोडणं, दुपारच्या उन्हात टोपी आणि अतिनील किरण अडवणारा गॉगल वापरणं, आणि चाळिशीनंतर ठरावीक अंतराने डोळे तपासून घेणं, एवढं आपल्या हातात आहे.